बॅटरीशिवाय सौर प्रकल्प म्हणजे अर्धवट काम?

हिशेबी
विकसनशील देशांत सौर प्रकल्पांची उद्घाटनं धडाक्यात होतात आणि दिवेलागणीला तिथेच डिझेलचे जनरेटर धडधडू लागतात. मागणी चढते संध्याकाळी, सूर्य मावळतो तेव्हाच. माझं मत सरळ आहे: यापुढे बॅटरी नसेल तर मोठा सौर प्रकल्प मंजूरच करू नये. 'परवडत नाही' हे रडगाणं आता जुनं झालं. लिथियम-आयन बॅटरी पॅकची सरासरी किंमत २०१० साली किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. दक्षिण आफ्रिकेतलं केनहार्ट बघा. ५४० मेगावॅटचे पॅनेल, १,१४० मेगावॅट-तासांची बॅटरी, आणि करार असा की पहाटे ५ ते रात्री ९.३० या वेळेत १५० मेगावॅट पुरवायचेच. ढग आला ही सबब चालत नाही. बोला.

खडूस वायरमन
बोलतो. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. १५० च्या हमीसाठी ५४० चे पॅनेल लावावे लागले, म्हणजे साडेतीनपट. आणि ते ११५ डॉलर नुसत्या पॅकचे, त्यातही गाड्यांच्या बॅटऱ्या धरून काढलेली सरासरी. कंटेनर, इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, पाया, आग विझवायची यंत्रणा हे सगळं वेगळं.

खरी मेख व्याजात आहे. शंभराचं कर्ज १५ वर्षांत फेडायचं तर ५ टक्के दराने वर्षाचा हप्ता साधारण ९.६ बसतो, १२ टक्क्यांनी १४.७. तीच बॅटरी, तेच ऊन, पण गरीब देशाला दीडपट महाग. बॅटरी सक्तीची केली की निम्मे प्रकल्प कागदावरच राहतील आणि दिवसाची स्वस्त वीजही हातची जाईल.

पाणवठा
वायरमनशी सहमत, कारण वेगळं. ज्यांच्याकडे धरण आहे त्यांच्याकडे बॅटरी आहेच की! घानात बुई धरणाचं ४०४ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, त्याच्याच जोडीला ५० मेगावॅट सौर उभारलं. दिवसा उन्हावर भागवायचं, तेवढं पाणी राखायचं, अंधार पडला की सोडायचं. नवं रसायन नको की आयात नको.

दुपारचं_ऊन
@पाणवठा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? झांबियाची बहुतेक वीज पाण्यावरची. २०२४ च्या दुष्काळात करिबा जलाशय तळाला गेला आणि लोकांनी दिवसदिवस अंधार काढला. मलावीत जानेवारी २०२२ मध्ये आना वादळाच्या पुराने कपिचिराचं जवळपास १३० मेगावॅटचं केंद्र बंद पाडलं, देशाच्या वीजजालातला साधारण तिसरा हिस्सा एका झटक्यात गेला. सगळी अंडी एकाच नदीत!

पाणवठा
नदीत अंडी कोण ठेवतं? :) बरं, दुष्काळाचा मुद्दा मान्य. पण पाऊस नाही म्हणून रिकाम्या राहिलेल्या धरणाची तूट तुमची चार तासांची बॅटरी भरून काढणार आहे का? ती फक्त दुपार संध्याकाळवर ढकलते, ऋतू ढकलत नाही.

कंटेनरवाला
अशा एका प्रकल्पावर दोन वर्षं काढली आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना चार शब्द.

पहिलं, 'बॅटरी' म्हणताना कशासाठी ते सांगा. मलावीतच गोलोमोटीला २० मेगावॅट सौरला ५ मेगावॅट/१० मेगावॅट-तासांची बॅटरी जोडली आहे. ती रात्र काढायला नाही. छोट्या जालात एक ढग सरकला की काही मिनिटांत उत्पादन कोसळतं आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची ठरलेली कंपनगती, डगमगते, तो धक्का झेलायला आहे. केनहार्टची पाच तासांची बॅटरी हा वेगळाच प्राणी. मेगावॅट म्हणजे नळाची तोटी, मेगावॅट-तास म्हणजे टाकी. इथे सगळे तोटी दाखवून टाकीवर भांडताहेत.

दुसरं, देखभाल. रॅकमध्ये शेकडो सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक खंगला की अख्खी ओळ त्याच्या चालीने चालते. आमच्याकडे सेल ठणठणीत होते. गेला तो थंडाव्याच्या यंत्रणेतला एक पंखा. आधी फिल्टरवर बोटभर धूळ, मग आतलं तापमान चढलं, मग बीएमएसने (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने) स्वतःच सगळं तोडलं. सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा होता. सात आठवडे तो पांढरा डबा उन्हात नुसता उभा.

दुपारचं_ऊन
आणि मेल्यावर त्या बॅटऱ्यांचं काय? सेनेगलमध्ये थियारोय-सुर-मेरला २००७-०८ मध्ये जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं काढायच्या धंद्यापायी १८ मुलं दगावली. बॅटरीच्या बाजूने बोलतोय तरी हे विसरवत नाही.

खडूस वायरमन
त्या शिशाच्या होत्या. मोठ्या प्रकल्पांत आता बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट असते, तिच्यात शिसंही नाही, कोबाल्टही नाही. (मी बॅटरीची वकिली करतोय, दिवस काय आलेत!) पण म्हणूनच त्यातून काढून विकण्याजोगं फारसं नसतं, मग भंगारवालाही फुकट नेणार नाही.

हिशेबी
ठीक आहे, 'सक्ती' मागे घेतो. पण अर्धीच. निविदेत बॅटरी मागू नका, संध्याकाळी ६ ते १० ची वीज मागा. कोणी बॅटरी लावेल, कोणी धरणाशी करार करेल. दिली नाही तर दंड. दुपारची वीज हवी तर तिचा दर वेगळा लावा.

खडूस वायरमन
मग धाग्याचं शीर्षक बदला. आणि दंड भरणार कोण? वीज घेणाऱ्या मंडळाची आधीची बिलंच थकलेली असतात, तिथे दंडाची भीती कोणाला?

कंटेनरवाला
हिशेबी, निविदेत अजून एक ओळ घाला: पंखे, फिल्टर आणि एक जादा इन्व्हर्टर प्रकल्पाच्या आवारातच ठेवायचा. खर्च नगण्य आहे. आमच्या करारात ती ओळ नव्हती.