मदत हवी आहे: १९६६च्या बीटलच्या डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम डबा आणि बुश

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९६६ची फोक्सवॅगन बीटल आहे, १३०० इंजिनची. बाबांनी १९७८ साली सेकंडहँड घेतली, तेव्हापासून ती घरातच आहे. मूळची सहा व्होल्टची, नंतर बारा व्होल्टची करून घेतलेली. बाबा आता स्वतः चालवत नाहीत, पण शेजारी बसून नुसत्या आवाजावरून "तीन नंबर (सिलिंडर) मारत नाहीये" असं सांगतात आणि ते खरं निघतं. गाडीचं सगळं काम ज्यांच्या हाताखाली व्हायचं ते मिस्त्री चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून जमेल तेवढं मीच करतो.

गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी अर्धा चढलो आणि गाडी मिसिंग मारायला लागली, मग बंदच पडली. पेट्रोल अडलं असेल म्हणून एअर क्लीनर काढून पाहिला. थ्रॉटल हाताने उघडला की कार्ब्युरेटरमध्ये धार नीट येत होती. मग कॉइलची (ठिणगीसाठी जास्त व्होल्टची वीज देते ती) वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढून बॉडीजवळ धरली आणि भावाला स्टार्टर मारायला सांगितला. ठिणगी पडत होती, पण बारीक आणि पिवळट. वीस-पंचवीस मिनिटं बॉनेट उघडं (म्हणजे मागचं) ठेवून थांबलो, गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. सुरूरपर्यंत कशीबशी गेलो.

घरी आल्यावर डिस्ट्रिब्युटर (चारही सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) उघडला. सीबी पॉइंट (कॉइलची वीज तोडणारे-जोडणारे संपर्क) काळेनिळे पडलेत. फिलर गेजने गॅप बघितला तर कॅमच्या एका लोबवर (उंचवट्यावर) ०.४ मिमी आणि समोरच्या लोबवर जवळपास ०.५. रोटर धरून आडवा हलवला तर शाफ्ट हाताला जाणवेल इतका हलतो, म्हणजे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या) गेलेत. शेवटी व्हॅक्यूमच्या डब्याचा (इंजिनच्या हवेच्या ओढीने पॉइंटची प्लेट सरकवतो तो) पाइप तोंडात धरून ओढून पाहिला. पॉइंटची प्लेट जागची हलली नाही, हवा नुसती आरपार येत होती. डब्यातला पडदा फाटलाय.

खरं दुखणं या डब्याचं आहे. या वर्षीच्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर फक्त व्हॅक्यूमवर चालणारा आहे. आत गतीबरोबर बाहेर फेकली जाणारी वजनं नाहीत, स्प्रिंगा नाहीत. इंजिनची गती वाढली की स्पार्क पुढे सरकवायचं (म्हणजे लवकर पाडायचं) सगळं काम हा एकच डबा करतो. पडदा फाटला की टायमिंग ७.५ अंशांवर लावलेलं असतं तिथेच राहतं, मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असो की चौथ्यात पळत असो. स्पार्क उशिरा पडला की ताकद जाते ती जातेच, वर उष्णता वाढते, आणि या इंजिनला पाणी नाही, रेडिएटर नाही, आहे तो फक्त पंखा आणि तेल. घाटात गाडी का शिजली हे मला डबा उघडल्यावर कळलं. कित्येक महिने मी तिला तशीच चालवत होतो याचं फार वाईट वाटतं.

आता शोधाशोध. नाना पेठ दोनदा पालथी घातली. बहुतेक दुकानांत बीटल म्हटलं की नव्या बीटलचा मॉडेल नंबर विचारतात. मुंबईत ऑपेरा हाउसला एका दुकानात जुने बॉशचे पॉइंट मिळाले, पण ते बसले नाहीत, पायाची खाच वेगळी. कुर्ल्याला सीएसटी रोडवरही फिरलो.

एका वर्कशॉपचा सल्ला असा, की हे सगळं फेकून "००९" घाला. हा बॉशचा डिस्ट्रिब्युटर (पूर्ण नंबर ० २३१ १७८ ००९) फक्त वजनांवर अॅडव्हान्स देतो (स्पार्क लवकर पाडतो), त्याला व्हॅक्यूम लागतच नाही. त्याच्या नकला ऑनलाइन सहज मिळतात. माझा प्रश्न असा, की माझ्या गाडीला मूळचा ३० पिक्ट-१ कार्ब्युरेटर आहे आणि त्याचं सगळं गणित व्हॅक्यूम डिस्ट्रिब्युटरशी जुळवलेलं आहे. अशा जोडीत ००९ घातला की स्लोवरून रेस देताना गाडी क्षणभर अडखळते, हे मी एका मित्राच्या गाडीत स्वतः अनुभवलंय. आणि दुसरं म्हणजे, बाबांच्या गाडीतला मूळ भाग माझ्या हातून जावा असं मला वाटत नाही.

पॉइंट काढून त्या जागी चुंबकवालं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घाला असंही सुचवलं गेलं. पण शाफ्टच हलत असेल तर मॉड्यूलचंही टायमिंग हलणारच, आणि डबा फाटलेलाच राहील.

तर जाणकारांना विनंती: हा डबा कुठे मिळू शकेल, किंवा पडदा बदलून देणारं कुणी माहीत आहे का? बुश कुणाकडून करून घ्यावेत? आणि तोवर तात्पुरता कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांना जोडलेला छोटा डबीसारखा भाग) कोणता लावता येईल?

आगाऊ आभार.

आलेली उत्तरं:

वाईकर

दादा, सुरूरला होतात तर हाक मारायची, आम्ही तिथून पाच मैलांवर.

कंडेन्सरचं सांगतो. गरम झाल्यावर ठिणगी पिवळी आणि गार झाल्यावर ठीक, ही कंडेन्सरची जुनी खोड आहे. आधी तो बदला, बाकीचं मग. पॉइंटच्या कंडेन्सरची किंमत साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. पद्मिनीचा किंवा अँबॅसॅडरचा चांगला कंडेन्सर या हिशेबात बसतो. डिस्ट्रिब्युटरवर बसत नसेल तर कॉइलच्या क्लॅम्पखाली घट्ट आवळा आणि वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला द्या. पत्रा खरवडून अर्थ नीट घ्या. मी माझ्या फियाटमध्ये अशीच सहा वर्षं काढली. फक्त नवीन आहे म्हणून चांगलाच असेल असं धरू नका, हल्लीचे कंडेन्सर डब्यातून काढल्या काढल्या खराब निघतात. दोन घ्या, एक डिकीत ठेवा.

उद्यमनगर

कोल्हापुरात आमचं टर्निंगचं काम आहे. बुश होतील, त्यात अवघड काही नाही, पण चारपाच गोष्टी आधी सांगतो कारण लोक इथेच फसतात.

शाफ्टच्या खालच्या टोकाला जी दात्याची कपलिंग आहे ती मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. पिन ठोकून काढण्याआधी कपलिंग आणि शाफ्ट या दोन्हींवर खूण करा. उलटी बसली की रोटर बरोबर समोरच्या बाजूला जातो आणि मग माणूस दिवसभर वायरी अदलाबदल करत बसतो. खालचे वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा.

बुश साधे गनमेटलचे नकोत, तेल पिणारे सिंटर्ड ब्राँझचे घ्या. बसवण्याआधी रात्रभर तेलात ठेवा. मग शाफ्टच्या मापाने रीम करायचे (भोक नेमक्या मापाचं करायचं). शाफ्टच झिजला असेल तर नुसत्या बुशने भागणार नाही, शाफ्ट आधी मायक्रोमीटरने तपासावा लागेल. रोटरखालच्या फेल्टला दोन थेंब तेल आणि कॅमवर बोटाच्या टोकावर मावेल इतकंच ग्रीस. जास्त लावलं की पॉइंटवर उडतं आणि पॉइंट जळतात. तुमचे काळेनिळे झाले त्यात हेही कारण असू शकतं.

श्टुटगार्टकर

काका, डब्याबद्दल लिहितो. सर्वांत आधी डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरचा नंबर वाचा. फोक्सवॅगनचा नंबर ११३ ९०५ २०५ असा असेल, त्याच्या पुढे एक-दोन अक्षरं असतील. ती अक्षरं सगळ्यांत महत्त्वाची. दिसायला सारखे डबे असतात पण प्रत्येकाचा दांडा किती ओढतो ते वेगळं असतं. चुकीचा डबा बसेल, चालेलही, पण अॅडव्हान्स कमी किंवा जास्त होईल. जास्त झाला तर इंजिन ठोकतं, आणि ठोकणं या इंजिनला फार महागात पडतं. पॉइंट, रोटर आणि कॅपसुद्धा ती अक्षरं कळेपर्यंत घेऊ नका.

इकडे जर्मनीत मानहाइमला दर ऑक्टोबरात वेटेरामा नावाचा जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. तिथे बॉशचे न वापरलेले डबे अजून निघतात. मी जातो, नंबर दिलात तर बघेन. दुसरा रस्ता ब्राझीलचा. तिथे बीटल १९८६पर्यंत आणि पुन्हा १९९३ ते १९९६ बनत होती, आणि हवेवर थंड होणारं हेच इंजिन कोंबी व्हॅनमध्ये २००५पर्यंत होतं. त्यामुळे पॉइंट-कंडेन्सर तिकडचे चांगले मिळतात. पण तुमचा डबा जुन्या पद्धतीचा आहे, तो तिकडे मिळेल याची आशा कमी.

एक सांगायचं राहिलं. बाबा तीन नंबरबद्दल म्हणतात ते लक्षात घ्या. तुमच्या वर्षाच्या गाडीत तेलाचा कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेत, तीन नंबरच्या अगदी वर असतो, म्हणून तो सिलिंडर जास्त तापतो. कंपनीने काही डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर तीन नंबरचा लोब मुद्दाम थोडा मागे ठेवलाय. टायमिंग लाइट लावून तीन नंबर काही अंश उशिरा दिसला तर ती झीज समजून कॅम घासायला देऊ नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वाईकरांनी सांगितल्याप्रमाणे पद्मिनीचा कंडेन्सर कॉइलपाशी लावला. काल दुपारी गाडी तासभर उन्हात चालू ठेवून ठिणगी बघितली, शेवटपर्यंत निळी आणि जाड होती. बाबांना तीन नंबरच्या लोबची गोष्ट वाचून दाखवली. ते म्हणाले, मिस्त्री पण "तीनला थोडा उशिरा ठेव" म्हणायचे, का ते आज कळलं.

अंगावरचा नंबर रॉकेलने आणि दात घासायच्या ब्रशने साफ केला. ११३ ९०५ २०५ स्पष्ट आहे, पुढचं अक्षर अर्धं गंजलंय. खडू घासून फोटो काढलाय, श्टुटगार्टकर, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करतो, तुमच्या नजरेला ओळखू येईल. डब्याच्या बाजूला बॉशचा वेगळा छोटा नंबर आहे, तोही पाठवतो.

उद्यमनगरवाले दादा, पुढच्या आठवड्यात डिस्ट्रिब्युटर घेऊन स्वतः येतो. कपलिंगला आजच खूण करून ठेवली. डबा मिळेपर्यंत गाडी घाटात नेणार नाही, गल्लीतच फिरवेन. कुणाकडे बंद पडलेल्या इंजिनबरोबर जुना व्हॅक्यूम डिस्ट्रिब्युटर पडून असेल, बुश गेलेले असले तरी चालेल, फक्त पाइप ओढल्यावर प्लेट हलली पाहिजे, तर कृपया व्यनि करा. न्यायला मी येईन.