स्टँडर्डच्या कामात करिअर होतं का? अर्धा वेळ कोड, अर्धा वेळ वर्किंग ग्रुप

नवा_पार्सर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं प्रोग्रॅमर आहे, त्यातली बहुतेक डॉक्युमेंट फॉरमॅटच्या कामात गेली: फाइल वाचणारा आणि लिहिणारा कोड. एका ओपन सोर्स लायब्ररीला अधूनमधून पॅच पाठवतो. आता कंपनी म्हणतेय की फॉरमॅटचे नियम, म्हणजे स्टँडर्ड, ठरवणाऱ्या वर्किंग ग्रुपमध्ये आमच्यातर्फे तू बस, अर्धा वेळ तिकडे, अर्धा इकडे. काम मनापासून आवडेल, कारण बंद फॉरमॅटमुळे लोकांचे हाल रोज बघतो. पण धास्ती वाटते की चार वर्षांनी दाखवायला माझ्याकडे काय असेल? बैठकांची इतिवृत्तं? कंपनीचं हित आणि स्टँडर्डचं हित आडवं आलं तर काय करता? आणि ओपन स्टँडर्डचा आग्रह धरणाऱ्याचं कोणी ऐकतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

लूपमधला

स्पष्ट सांगतो. बढती ठरवणाऱ्यांना रिलीज झालेलं फीचर दिसतं, स्पेकमधला, म्हणजे फॉरमॅटच्या नियमपुस्तकातला, परिच्छेद दिसत नाही. वर्षाअखेरी तुमचं मूल्यमापन कशावर होणार हे आधी मॅनेजरकडून लेखी घ्या. आणि कोड लिहिणं पूर्ण सोडू नका.

ओळंबा

लेखी घ्यायच्या सल्ल्याला माझा पूर्ण दुजोरा. बाकीचं सविस्तर लिहिते, कारण माझी जवळजवळ सगळी नोकरी याच कामात गेली.

सुरुवात माझीही फाइल फिल्टरपासून झाली. दुसऱ्याच्या प्रोग्रॅमने लिहिलेली फाइल आपल्या प्रोग्रॅममध्ये नीट उघडली पाहिजे, एवढंच काम. स्प्रेडशीटमधल्या तारखा घ्या. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे ते नाही. लोटसच्या फाइल चालाव्यात म्हणून एक्सेलने तीच चूक जाणूनबुजून ठेवली. त्यामुळे २९ फेब्रुवारी १९०० हा कधी उगवलाच नाही तो दिवस आजही एक्सेलच्या मोजणीत ६० या क्रमांकावर बसून आहे. ज्या प्रोग्रॅमने ही चूक उचलली नाही, त्यात १ मार्च १९०० च्या आधीच्या तारखा एका दिवसाने सरकतात. हे लिहून ठेवलेलं असेल तर तुम्ही दहा मिनिटांत सांभाळून घेता. लिहिलेलं नसेल तर कोणाचा तरी अख्खा आठवडा जातो, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाचाही जातो.

२००६ साली एक्मा या स्टँडर्ड संस्थेने मंजूर केलेलं ऑफिस ओपन एक्सएमएल, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फाइलचं स्टँडर्ड, सहा हजार पानांच्या घरात होतं. त्यात ‘वर्ड ९५ सारखं अंतर सोडा’ अशा अर्थाचं एक सेटिंग होतं. वर्ड ९५ अंतर कसं सोडतं, ते मात्र त्या पानांमध्ये सांगितलेलं नव्हतं. म्हणजे दस्तऐवज सगळ्यांसाठी खुला, पण पाळता येणार फक्त ज्याच्याकडे वर्ड ९५ आहे त्यालाच. २००७ च्या सप्टेंबरमध्ये हा मसुदा आयएसओ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड संस्थेच्या मतदानात अडला, देशोदेशींच्या संस्थांनी साडेतीन हजारांवर शेरे पाठवले, आणि २००८ मध्ये बऱ्याच दुरुस्त्यांसह तो मंजूर झाला. त्या निकालावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. मला त्यातले शेरे महत्त्वाचे वाटतात. प्रत्येक शेऱ्यामागे कोणीतरी बसून ती पानं ओळ न ओळ वाचली होती. तुम्हाला देऊ केलेलं काम हे आहे.

आपल्या, म्हणजे ओपन फॉरमॅटवाल्यांच्या, बाजूचंही सांगायला हवं. ओडीएफ (ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट) २००६ मध्येच आयएसओ स्टँडर्ड झालं, पण स्प्रेडशीटमधली सूत्रं कशी लिहायची हे त्यात ठरलेलंच नव्हतं. ते २०११ च्या १.२ आवृत्तीत आलं. मधली वर्षं दोन प्रोग्रॅम नियमाबरहुकूम असूनही एकातलं सूत्र दुसऱ्यात नीट पोचेल याची खात्री नव्हती. ‘ओपन’ म्हटलं की काम झालं असं मानणाऱ्यांशी माझं इथे कधीच जमलं नाही.

आता हातात काय राहतं, त्याबद्दल. पीएनजी या चित्रांच्या फॉरमॅटमधल्या फाइलचे पहिले आठ बाइट बघा: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. जीआयएफ या त्याआधीच्या चित्र-फॉरमॅटमधल्या कॉम्प्रेशनवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं. त्याच्या परवान्याचा विषय १९९४ च्या अखेरीस तापला आणि इंटरनेटवरच्या लोकांनी मिळून हा नवा फॉरमॅट रचला. पहिला बाइट १२७ च्या वरचा आहे, म्हणजे वाटेतल्या एखाद्या यंत्रणेने आठवा बिट कापला तर लगेच कळतं. पुढची तीन म्हणजे फॉरमॅटच्या नावाची अक्षरं. १३ आणि १० ही ओळ संपल्याची खूण, फाइल मजकूर समजून कोणी ती बदलली तर इथेच पकडली जाते. २६ मुळे डॉसमध्ये फाइल चुकून ‘टाइप’ कमांडने पडद्यावर उघडली तर दाखवणं तिथेच थांबतं. शेवटचा १० उलट दिशेच्या बदलासाठी. आठ बाइटमध्ये त्या काळातल्या फाइल-पाठवणीच्या सगळ्या दुखण्यांचा बंदोबस्त! असं काम ज्याने केलं त्याला ‘दाखवायला काय आहे’ हा प्रश्न पडत नसावा. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला इतकं देखणं काही येत नाही, पण चाचण्यांचे संच येतात, इरॅटा (प्रसिद्ध स्टँडर्डमधल्या चुकांच्या दुरुस्त्या) येतात, ज्या कलमावरून दोन प्रोग्रॅम भांडत होते ते नव्याने लिहिलेलं कलम येतं. हे सगळं सार्वजनिक असतं, तुमच्या नावानिशी, आणि नोकरी बदलली तरी तुमचंच राहतं. कंपनीच्या बंद रेपॉझिटरीतल्या कोडचं तसं नसतं. मला पुढच्या दोन्ही नोकऱ्या मेलिंग लिस्टवरचं माझं लिखाण वाचून मिळाल्या.

कोड सुटतो ही भीती तितकीशी खरी नाही. डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ मध्ये इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयईटीएफच्या सभेत ‘ढोबळ सहमती आणि चालणारा कोड’ हे सूत्र मांडलं, ते आजही तिथे रोज ऐकू येतं. इंटरनेट स्टँडर्ड या पायरीवर पोचायला किमान दोन स्वतंत्र आणि एकमेकांशी जुळणाऱ्या इम्प्लिमेंटेशन (ते नियम पाळून लिहिलेले प्रोग्रॅम) लागतात. त्यातली एक ओपन सोर्स असली की बाकीच्यांना ताडून बघता येतं, म्हणून ही दोन कामं मी कधी वेगळी मानली नाहीत. ग्रुपमध्ये ज्याच्याकडे चालणारा प्रोटोटाइप असतो त्याच्या बोलण्याला वजन येतं. नुसत्या स्लाइड घेऊन येणारा लवकर मागे पडतो.

कंपनीच्या हिताबद्दल. आयईटीएफमध्ये प्रत्येक जण व्यक्ती म्हणून बोलतो, पण प्रवासखर्च कोण देतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी एक शिरस्ता ठेवला: मत माझं असेल तर माझं म्हणून, कंपनीचं असेल तर तसं सांगून. एकदा एका मॅनेजरने सुचवलं की आमचं प्रॉडक्ट बाजारात येईपर्यंत एक मसुदा रेंगाळत ठेव. मी म्हटलं, तांत्रिक आक्षेप असेल तर उद्याच मांडते, कंपनीच्या नावासकट. तसा आक्षेप कोणाकडेच नव्हता. मसुदा वेळेवर पुढे गेला, आणि तिथलं माझं वातावरण मात्र बिघडलं. काही महिन्यांनी मी ती कंपनी सोडली. हे तुमच्या बाबतीतही होऊ शकतं, तयारी ठेवा.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कागदपत्रांसाठी ओडीएफ ठरवलं. राज्याचे मुख्य माहिती अधिकारी, म्हणजे आयटी प्रमुख, पीटर क्विन त्यामागे होते. प्रचंड ओढाताण झाली, क्विन यांनी थोड्याच महिन्यांत पद सोडलं, आणि २००७ मध्ये राज्याने ऑफिस ओपन एक्सएमएललाही यादीत घेतलं. बरेच जण याला पराभव म्हणून सोडून देतात. पण त्या वादात दृष्टिहीन आणि इतर अपंग कर्मचाऱ्यांनी विचारलं होतं की तुमच्या ओपन फॉरमॅटच्या प्रोग्रॅममध्ये आमचा स्क्रीन रीडर चालतो का? प्रश्न रास्त होता. ओडीएफवाल्यांनी तो मनावर घेतला, आणि २००७ ची १.१ आवृत्ती मुख्यतः त्या सोयींसाठी निघाली. आग्रह धरणाऱ्याचं ऐकलं जातं ते असं. ज्याने अडवलं त्याची अडचण पुढच्या आवृत्तीत सुटलेली दिसली, तर दुसऱ्या वेळी तो दार उघडतो. स्वातंत्र्यावरची भाषणं मीही दिली आहेत आणि त्यातला शब्द न शब्द मला मान्य आहे, पण खरेदी ठरवणाऱ्या माणसाला हे जास्त पटतं.

नवा_पार्सर

ओळंबाताई, मनापासून आभार, हे मी दोनदा वाचलं. रुजू व्हायच्या आधी हात बसावा म्हणून काय करू? माझी लायब्ररी मजकूर शोधण्याचंही काम करते.

ओळंबा

मग तुमच्या समोरच एक काम पडलंय. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या, डोंगरदऱ्यांमधला. त्यातला अर्धा र युनिकोड या अक्षरांच्या स्टँडर्डमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मग शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारं एक चिन्ह. पहिला शिफारस केलेला, दुसरा जुन्या पद्धतीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करणं) केलं तरी दोन्ही एक होत नाहीत, त्यामुळे एका प्रकारे टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर सापडत नाही. उपाय म्हणून जोडक सरसकट गाळला, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगर शोधणाऱ्याला समुद्र मिळतो. तुमची लायब्ररी काय करते ते बघा, चाचण्या लिहा, स्टँडर्डमधल्या कोणत्या कलमाच्या आधारे अपेक्षित उत्तर ठरवलं ते कमेंटमध्ये टाका आणि पॅच पाठवा. वर्किंग ग्रुपमध्ये नेमकं हेच करायचं असतं, फक्त समोर न पटणारी माणसं जास्त असतात.

अर्धा_कमिट

मी एक लायब्ररी सांभाळतो, तेवढ्यापुरतं बोलतो. ओपन सोर्सची बाजू एकट्याच्या खांद्यावर घेऊ नका. २०१४ मध्ये हार्टब्लीड हा सुरक्षेतला दोष सापडला तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटवरचं संभाषण सुरक्षित ठेवणारी ओपनएसएसएल लायब्ररी किती मोजकी माणसं आणि किती तुटपुंज्या पैशात चालवतात. २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मागचं दार, म्हणजे छुपा प्रवेश, बसवलं गेलं, तेही ती सांभाळणाऱ्या थकलेल्या मेंटेनरवर दबाव आणून, मदतनीस म्हणून आत शिरून. एसएसएच लॉगिनला (दूरच्या यंत्रावर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांनी पिच्छा पुरवला, म्हणून ते उघडकीला आलं. कंपनी तुमचा अर्धा वेळ देतेय, तर त्यातला काही वेळ दुसऱ्यांचे पॅच तपासायला आहे हेही मॅनेजरकडून घ्यायच्या त्या कागदावर लिहून घ्या.

नवा_पार्सर

हे घालतो. अजून एक. पेटंटचं काही बघावं लागतं का?

ओळंबा

हो, पहिल्या बैठकीच्या आधीच. आयईटीएफमध्ये तुम्ही मांडलेल्या गोष्टीवर तुमच्या कंपनीचं पेटंट आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ते जाहीर करणं बंधनकारक आहे. वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीमध्ये २००४ पासूनचं धोरण असं की ग्रुपमध्ये बसलेल्या कंपन्यांनी आवश्यक पेटंट रॉयल्टीशिवाय द्यायची. तुमचा ग्रुप कोणत्या संस्थेखाली आहे ते बघून तिचं धोरण कंपनीच्या वकिलांना पाठवा आणि त्यांचं उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी ‘काही हरकत नाही’ चालणार नाही.