विषय: आईंना सॅमन कसा खाऊ घालू?

प्रेषक: वृंदा, बॉथेल
मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याहून सहा महिन्यांसाठी इथे अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळ आमच्याकडे आल्या आहेत. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व कमी, बी-१२ पण कमी. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्या घ्याच, पण मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा सॅमन खा. म्हणून नवऱ्याने घाऊक दुकानातून माशाची अख्खी एक बाजू उचलून आणली, तीन पौंडांची. मी सुरमईचं करते तसंच केलं. थोडे तुकडे रवा लावून तळले, बाकीच्यांची नारळाच्या रसातली आमटी. तुकडे कढईत सुटले, त्यांवर पांढरा साका आला आणि आमटीवर केशरी तेलाचा तवंग. आईंनी ताट जरा पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "ह्यो कसलो मासो गे? गाजर शिजवल्यासारखो दिसता." मग लोणच्याशी भात जेवल्या.

दोन पौंड अजून फ्रीजरमध्ये पडलाय. श्रावण लागायच्या आत काहीतरी सुचवा, नाहीतर तो थेट गणपतीनंतर निघेल.

वृंदा

---

प्रेषक: सतीश, रेंटन
मंगळवार, रात्री १०:०५

अगं सोपं आहे. सॅमन म्हणजे आपला रावस. मुंबईत हॉटेलांच्या मेनूवर लिहिलेलंच असतं, 'इंडियन सॅमन'. रावसाची कुठलीही कृती घे आणि कर.

---

प्रेषक: मकरंद, रेडमंड
मंगळवार, रात्री १०:११

काहीही कर, फक्त स्मोक अलार्मखाली तळू नकोस. आमच्याकडे मागच्या वेळी मासा कमी आणि फायर इंजिन जास्त झालं होतं.

---

प्रेषक: अनघा, इसाक्वा
बुधवार, सकाळी ६:३०

वृंदा,

सतीशचं ऐकू नकोस. त्या मेनूवर विश्वास ठेवून मीही इथे आल्या आल्या फसले होते. रावस आणि सॅमन यांचं नातंगोतं काही नाही. रावस खाऱ्या पाण्यातला, मिशांसारखे लांब धागे असलेला मासा. मांस पांढरट, चव सौम्य, म्हणून तो नारळाच्या रसात शोभतो. इंग्रजांना तो कशामुळे तरी सॅमनसारखा वाटला आणि नाव चिकटलं, एवढंच. उलट समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा मासा आपल्याकडे हवाच असेल तर तो पाला, म्हणजे बंगाल्यांचा इलिश. तोही तेलकटच.

आणि सगळी गोम त्या तेलातच आहे. सॅमनचे तुकडे सुरमईसारखे दिसतात म्हणून आपण सगळ्याजणी त्याला सुरमईच्या रांगेत बसवतो. पण स्वभावाने तो बांगडा आहे. अंगचं तेल भरपूर, वास उग्र, चव ठसठशीत. त्यावर नारळाचा दाट रस ओतलास की तेलावर तेल होतं. तुझ्या आमटीवरचा तवंग तोच. आईंना विचार, बांगड्याला त्या किती खोबरं घालतात? पाटावर वाटलेलं मूठभर, तेही वाटण धरण्यापुरतं. बाकी मिरची, आमसूल आणि तिरफळ. सॅमनचं तिखलं तसंच कर:

सात-आठ सुक्या मिरच्या (निम्म्या बेडगी), चमचाभर धणे, हळद आणि दोन चमचे ओलं खोबरं एकदम बारीक वाट. पाणी घालून पाच-सहा आमसुलं टाक आणि वाटण आधी नीट उकळू दे, कच्चा वास गेला पाहिजे. तिरफळं बी काढून, थोडी ठेचून मग घाल. मासा सगळ्यात शेवटी. बांगडा काट्यावर असतो, त्याला थोडं जास्त शिजवलेलं चालतं. सॅमनचा बिनकाट्याचा तुकडा चार-पाच मिनिटांत होतो. डाव घालू नकोस, भांडं दोन्ही कानांना धरून हलव. गॅस बंद करून वरून चमचाभर कच्चं खोबरेल. रात्री करून सकाळी खाल्लंस तर आणखी छान.

पांढरा साका म्हणजे काही घाण नव्हे. ते माशातलंच प्रथिन, जास्त उष्णतेने पिळून बाहेर येतं. आधी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात तुकडे ठेवलेस तर कमी येईल, आणि आच कमी ठेवलीस तर आणखी कमी.

तळायचाच असेल तर रव्याचा हट्ट सोड. कातडीसकट दोन बोटं रुंदीचे तुकडे काप. आधी मांसाच्या बाजूवरून उलट-सुलट बोट फिरव, बारीक काटे टोचतील ते चिमट्याने उपट. मीठ, हळद, कोकमाचं आगळ, लाल तिखट. बिडाचा तवा, अगदी थोडं तेल, कातडी खाली. पाच-सहा मिनिटं हात लावायचा नाही. स्वतःच्याच तेलात कातडी कुरकुरीत होते. मग उलटून मिनिट-दीड मिनिट. तुकडा तव्याला चिकटला तर तो अजून झालेला नाही. झाला की आपणहून सुटतो.

तिरफळ नसेल तर चिनी दुकानातली सेचवान मिरी घे, ती तिरफळाची चुलत बहीणच. जिभेला झिणझिण्या थोड्या जास्त येतात म्हणून निम्मी घाल. गावाहून तिरफळं बॅगेतून मागवायची असतील तर आधी नियम बघ. याच कुळातल्या सेचवान मिरीवर इथे १९६८ ते २००५ आयातबंदी होती, संत्र्या-लिंबांच्या झाडांना रोग लागेल या भीतीने.

अनघाताई

---

प्रेषक: नीलिमा, कर्कलंड
बुधवार, दुपारी १२:५०

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडे आकडे. इथे अधिकृत मोजमाप तीन औंसांचं असतं, म्हणजे शिजलेला ८५ ग्रॅमचा तुकडा, पत्त्यांच्या कॅटएवढा. आपण पानात वाढतो तो बहुतेकदा याच्या दीडपट असतो.

एवढ्या सॉकाय (लाल मांसाची रानटी जात) सॅमनमध्ये ड जीवनसत्त्व सुमारे ५७० युनिट असतं. सत्तरीच्या आत रोजची गरज ६०० धरतात, पुढे ८००. दुसऱ्या कुठल्या रोजच्या जेवणातून एका वाढीत इतकं मिळणं कठीण आहे, आणि इथे ४७ अक्षांशावर हिवाळ्यात उन्हाच्या भरवशावर तर राहताच येत नाही. बी-१२ म्हणाल तर असा एक तुकडा दिवसाची गरज (२.४ मायक्रोग्रॅम) भागवतो. प्रथिनं १८ ते २२ ग्रॅम.

आता नेहमीचा वाद: पाळलेला की रानटी? पाळलेला अटलांटिक सॅमन जास्त चरबीचा, त्यामुळे कॅलरी जास्त, पण ओमेगा-३ (माशाच्या तेलातली चांगली चरबी) सुद्धा त्यात भरपूर, ८५ ग्रॅमला जवळजवळ १.८ ग्रॅम. सॉकायमध्ये ते याहून कमी, पण ड जास्त. तेव्हा 'पाळलेल्यात काही सत्त्व नसतं' हे खरं नाही. रंगाचं म्हणाल तर रानटी मासा कोळंबीसारखे बारीक जीव खातो, त्यातल्या अ‍ॅस्टाझँथिनमुळे तो लाल होतो. पाळलेल्याला तेच द्रव्य खाद्यातून देतात, नाहीतर मांस फिकट राहील. गाजराचा रंगही याच घराण्यातला. आईंची नजर बरोबर होती!

पारा सॅमनमध्ये कमी असतो. एफडीएच्या (इथल्या सरकारी अन्न-औषध खात्याच्या) यादीत तो गरोदर बायकांसाठीही 'उत्तम निवड' या गटात आहे. सुरमईच्या जातीतला मोठा किंग मॅकरल मात्र त्याच यादीत 'टाळा'मध्ये आहे.

दोन गोष्टी जपून. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि कॅप्सूल म्हणजे मासा नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या व्हायटल नावाच्या चाचणीत जवळजवळ २६,००० लोक होते, आणि त्यात ओमेगा-३च्या कॅप्सूलने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू एकत्र धरले तर लक्षणीय कमी झाले नाहीत.

हाडांसाठी काही हवं असेल तर टिनमधला पिंक सॅमन काट्यांसकट आणा. काटे इतके मऊ झालेले असतात की बोटाने चुरडतात. ८५ ग्रॅममध्ये कॅल्शियम सुमारे १८० मिलिग्रॅम. बटाटा, पुदिना, हिरवी मिरची घालून कटलेट करा. मुलांना कळतही नाही.

---

प्रेषक: हेमंत, समामिश
बुधवार, दुपारी १:२०

कृपया विषयाच्या ओळीत 'मासे' असं लिहीत जा. आमच्यासारख्यांनी आषाढी झाल्या झाल्या हे का वाचावं? आणि ड, बी-१२ आम्हालाही कमीच आहे, त्याचं काय?

---

प्रेषक: नीलिमा, कर्कलंड
बुधवार, दुपारी १:४५

हेमंतराव, बी-१२ साठी दूध-दही आणि वरून जीवनसत्त्व घातलेली न्याहारीची सिरियल, तरी बहुतेकांना गोळी लागतेच. ड साठी फोर्टिफाइड दूध आणि अतिनील प्रकाशात ठेवलेले मशरूम, पाकिटावर लिहिलेलं असतं. जवस चांगलं, पण त्यातल्या ओमेगा-३चं माशातल्या प्रकारात रूपांतर शरीर फार थोडं करतं. शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, ते पूर्ण शाकाहारी आहे. मासेही ते सत्त्व मुळात शेवाळाकडूनच घेतात.

---

प्रेषक: प्रसाद, बॅलर्ड
बुधवार, रात्री ८:१५

वृंदा, सॅमन आधी आईंना जिवंत दाखव. आमच्या इथल्या लॉक्सवर, म्हणजे १९१७ पासून चालू असलेल्या जहाजांच्या जलद्वारांवर, माशांना चढायला २१ पायऱ्यांची शिडी आहे. खाली काचेच्या खिडक्या आहेत, मासा हातभर अंतरावरून जातो. जुलैत सॉकाय, मग किंग, सप्टेंबरात कोहो, सगळ्या सॅमनच्याच जाती. प्रवेश फुकट. पिंक ही जात मात्र आपल्या इथल्या समुद्रात, प्युजेट साउंडमध्ये, विषम सालीच थव्याने येतात, त्यांचं आयुष्यच दोन वर्षांचं. अनघाताईंच्या गावात ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी सॅमनची जत्रा भरते, तोवर आई असतील तर तीही दाखव.

मी गळ टाकतो म्हणून दोन इशारे. ताजा पकडलेला मासा सुशी म्हणून कच्चा खाऊ नका. कच्चा खायचा तर उणे २० सेल्सिअसला सात दिवस ठेवलेला हवा, तेव्हा त्यातले कृमी मरतात. घरचा फ्रीजर तितका थंड असेलच असं नाही. आणि कुणाला गाबोळी मिळाली तर पापलेटाच्या गाबोळीसारखी तळायला जाऊ नका. पिकलेले दाणे मोत्याएवढे टपोरे आणि सुटे असतात, तेलात फटाक्यासारखे फुटतात. माझ्या शर्टावर पुरावा आहे. जपानी लोक ते मिठात किंवा सोया सॉसमध्ये मुरवून गरम भातावर घेतात, तेच बरं.

---

प्रेषक: वृंदा, बॉथेल
रविवार, दुपारी ४:३०

सगळ्यांना धन्यवाद, आणि हेमंतदादा, सॉरी.

अनघाताईंचा मेल आईंना वाचून दाखवला. 'स्वभावाने बांगडा' ऐकल्यावर त्या उठल्याच. "मगे पयला सांगूचा नाय?" म्हणत मला ओट्यावरून बाजूला केलं. सेचवान मिरी नाकाशी धरून म्हणाल्या, तिरफळाची सर नाय, पण चलात. मिरच्या बारा घातल्या, सात नव्हे. खोबरं दोनच चमचे. पातेलं स्वतः हलवलं, माझ्यावर विश्वास नाही. दोनदा भात घेतला आणि उरलेलं तिखलं झाकून ठेवलं, सकाळच्या घावन्यांसाठी.

आज लॉक्सवर गेलो होतो. खिडकीसमोर बाकावर पाऊण तास बसून होत्या, सॉकाय मोजत. मग मला हळूच विचारलं, "इतके मासे समोरसून जातत, नि कोण पकडणत नाय?" तेवढ्यात प्रसाद भेटला. त्याने सांगितलं की पकडतात, त्यात मूळ रहिवासी जमातींचा हक्क तर जुन्या करारांनीच ठरलाय, आणि १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा त्यांचा असल्याचा निकाल दिला. आई म्हणाल्या, बरोबर, खाडी ज्येची तेका आधी.

आता त्यांचा नवा प्रश्न: इथे माशाची बाजूच विकतात, मग डोकी जातात कुठे? त्यांना सार करायचंय.

---

प्रेषक: अनघा, इसाक्वा
रविवार, संध्याकाळी ५:०२

एशियन दुकानात मासळीच्या काउंटरवर माग, कापून ठेवलेली असतात, स्वस्तात देतात. कल्ले काढून दे म्हणून सांग, नाहीतर सार कडू होतं. गालाचं मांस आईंना वाढ. आणि दोन आणलीस तर एक माझ्यासाठी ठेव, मी मंगळवारी त्याच बाजूला येतेय.