‘रिलॅप्स’ एमिनेमनेच झटकून टाकला, म्हणून आपणही टाकायचा का?

निशाचर
परवा लोकलने घरी येताना अमेरिकन रॅपर एमिनेमचा ‘रिलॅप्स’ (म्हणजे सुटलेलं व्यसन पुन्हा लागणं) पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत सलग ऐकला. मे २००९ मधला अल्बम. त्याआधीचा ‘एन्कोर’ २००४ चा, म्हणजे मध्ये जवळजवळ पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत व्यसन लागलं: झोपेच्या गोळ्या, व्हायकोडिन हे वेदनाशामक, व्हॅलियम ही चिंतेवरची गोळी. एप्रिल २००६ मध्ये जिवलग मित्र प्रूफ डेट्रॉइटच्या क्लबमध्ये गोळी लागून गेला. डिसेंबर २००७ मध्ये एमिनेमला मेथाडोन या तीव्र वेदनाशामकाचा ओव्हरडोस झाला आणि मरता मरता वाचला. २० एप्रिल २००८ पासून तो नशेपासून दूर आहे.

एवढं सोसून परतलेला माणूस रडगाणं गाईल किंवा उपदेश करेल, असं कुणालाही वाटेल. याने तसं केलं नाही. सुरुवातीलाच एक डॉक्टर येतो. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी निघालेल्या पेशंटला तो धीर देता देता हळूच म्हणतो, की एखादा पेग घेतला तर काय बिघडतं? हसू येतं आणि दुसऱ्या क्षणाला अंगावर काटा येतो. व्यसन असंच बोलतं, आपल्याच भल्याची भाषा करत. मला हा अल्बम त्याचा सर्वात प्रामाणिक वाटतो.

पण पुढच्याच वर्षी ‘रिकव्हरी’ आला आणि त्यातल्या ‘नॉट अफ्रेड’मध्ये त्याने स्वतःच सांगून टाकलं की मागचा अल्बम काही जमला नाही, त्यातले उच्चारांचे प्रयोग फार ताणले. तेव्हापासून सगळे तेच म्हणतात. हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

ठेका
उच्चारांबद्दल त्याचं बरोबर आहे. अर्धा अल्बम तो कुठल्या देशाचा आहे तेच कळत नाही. पण त्या वेड्यावाकड्या उच्चारांमुळेच जे शब्द एरवी जुळलेच नसते ते यमकात बसतात. ‘स्टे वाइड अवेक’ हेडफोन लावून ऐका. ओळीच्या आत ओळ, त्यात पुन्हा यमक, आणि निर्माता डॉ. ड्रेचा ठोका कुठे म्हणून ढळत नाही. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ६ लाख ८ हजार प्रती खपल्या, २०१० मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. तेव्हा ‘फसलेला अल्बम’ म्हणण्याआधी जरा थांबावं.

सदाफुली
ठेका, ग्रॅमीने माझं समाधान होत नाही. तो स्वतःवर हसतो, त्याला माझी हरकत नाही. पण ‘३ ए.एम.’मध्ये तो खुनी होतो, ‘सेम साँग अँड डान्स’मध्ये बायकांच्या मागावर राहून त्यांचा जीव घेतो. यात व्यसनाची कबुली कुठे आली? नशा त्याने केली, आणि गाण्यात मरायचं कुणी, तर बायकांनी?

आणि विनोदाबद्दल. माझा धाकटा भाऊ खोकल्याच्या औषधाच्या नादी लागला होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे रिकाम्या बाटल्या सापडल्या. आईने त्या गोणीत भरता भरता मोजल्या, चाळीसच्या पुढे गेल्यावर मोजायचं सोडून दिलं. त्या काळात आमच्या घरात सगळ्यात विनोदी माणूस कोण होता? भाऊच. पकडला गेला की असा काही किस्सा रंगवून सांगायचा की बाबासुद्धा हसायचे, आणि विषय तिथेच संपायचा. व्यसनी माणसाचं हसवणं म्हणजे निसटायची वाट असते, हे मी घरात बघितलंय. म्हणून अशा अल्बमचं कौतुक ऐकलं की मला भीती वाटते.

खलबत्ता
माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. या अल्बमचं कव्हर मुलाने दाखवलं तेव्हा मी बराच वेळ बघत बसलो. पूर्ण चेहरा गोळ्या-कॅप्सूलचा, आणि त्यावर औषधाच्या बाटलीवर असतं तसं लेबल. पेशंट म्हणून याचं नाव, लिहून देणारे डॉक्टर म्हणजे डॉ. ड्रे. दोघं मिळून गाणी करतात म्हणून ही गंमत. पण माझ्यासारख्याला ती थेट लागते, कारण ही नशा गल्लीतून आलेली नाही, चिठ्ठीवरून आलेली आहे.

मेथाडोनबद्दल सांगतो. त्याने मुलाखतीत सांगितलंय की देणारा म्हणाला, हे व्हायकोडिनसारखंच, उलट यकृताला सोपं. मेथाडोनने दुखणं थांबतं ते काही तासच, औषध मात्र शरीरात दिवसभराहून जास्त रेंगाळतं. माणसाला वाटतं असर उतरला, तो पुन्हा घेतो, आधीचं आतच असतं. श्वास मंदावत जातो आणि झोपेतच थांबतो.

आपल्याकडे २०१४ पासून अल्प्राझोलाम, झोल्पिडेमसारख्या चिंतेवरच्या आणि झोपेच्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. विकल्या की रजिस्टरला नाव लिहावं लागतं. तरी महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी झेरॉक्स करून आणतो. तारखेवर अंगठा ठेवून कागद पुढे करतो. चांगल्या घरातली माणसं असतात, बोलायला गोड. सदाफुलीताई, तुमच्या भावासारखीच हसवतात. मी त्यांना परत पाठवतो, आणि मग रात्रभर वाटत राहतं, हा आता कुणाच्या दुकानात गेला असेल.

निशाचर
सदाफुली, खुनाच्या गाण्यांवर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. मलाही वाटतं त्यातली दोन-तीन नसती तर अल्बम जास्त नेमका झाला असता. पण निसटायच्या वाटेबद्दल म्हणाल, तर ‘डेजा व्हू’ ऐकाच. ओव्हरडोसची रात्र, बाथरूमची फरशी, सगळं त्यात आहे. आणि नशा सुटल्यावर ‘एका बिअरने काय होतंय’ असं कानाशी कुजबुजणारा सैतानही. स्वतःला फसवायच्या पायऱ्या एकेक करून मांडल्यात. त्यानंतर ‘ब्यूटिफुल’ येतं. ते उपचार केंद्रात असताना लिहायला घेतलेलं. त्यात एकही विनोद नाही. मघाचा विनोद कशावर पांघरला होता ते तिथे उघडं पडतं. निसटणाऱ्याने ती दोन गाणी ठेवली नसती.

ठेका
निशाचरशी सहमत. आणि ‘रिकव्हरी’ मला त्यापुढे फार इस्त्री केलेला वाटतो.

सदाफुली
काल रात्री दोन्ही गाणी ऐकली. ‘ब्यूटिफुल’ दोनदा. ‘३ ए.एम.’बद्दलचं मत तेच आहे आणि तेच राहील.

भावाला फोन केला, विचारलं हा अल्बम माहीत आहे का. म्हणाला, पाठ आहे. मग जरा वेळाने म्हणाला, ‘‘ताई, एक ‘डेजा व्हू’ सोडून. ते लागलं की मी पुढे ढकलतो.’’