प्रतिसाद: जीपचं कापडी हूड, धुणं आणि पावसाळ्याची तयारी

मऊ ब्रश, भरपूर पाणी आणि कपडे धुवायची पावडर घेऊन जीपचं कापडी हूड घासा, असं या चर्चेत आधी कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. मऊ ब्रश आणि भरपूर पाणी, इथवर बरोबर. पण पावडरीने कापडावरचा पाणी अडवणारा थर निघतो, आणि साबण शिवणीत राहिला की पुढच्या पावसात कापड पाणी ओढतं. गाडी धुवायचा सौम्य शाम्पू वापरा. प्रेशर पंपाचा फवारा शिवणीवर तर नकोच.

यवतमाळकडच्या आमच्या काळ्या मातीचा विषय मात्र कुणी काढला नाही. तिची बारीक धूळ विणीत बसते आणि पाणी लागताच चिखल होऊन आत मुरते. म्हणून आधी हूड कोरडंच झाडायचं, जमल्यास व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं, मगच पाणी. वॉटरप्रूफिंगचा स्प्रे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मारून घ्या, मृगाच्या आधी कापड खडखडीत वाळतं. पण भर उन्हात तापलेल्या कापडावर नको, तो डागाडागाने वाळतो. सकाळी सावलीत मारा. स्प्रे मारताना हूडची मागची प्लास्टिकची खिडकी कागद चिकटवून झाका. आणि पावसाळ्यात ओलं हूड घडी करून ठेवूच नका, बुरशीचे काळे डाग सहसा पूर्ण जात नाहीत.