दोघांचा अब्राहाम एकच
कोणीतरी म्हटलंय की बायबलच्या नव्या करारातल्या पत्रांत पौल 'विश्वासाने तारण' (पापातून सुटका) सांगतो आणि याकोब 'कृतींनी', म्हणजे बायबलच दुटप्पी. मला नाही पटत. दोघेही दाखला जुन्या करारातल्या मूळपुरुष अब्राहामाचाच देतात, पण प्रसंग वेगळे. पौल घेतो उत्पत्ती (बायबलचं पहिलं पुस्तक) अध्याय १५ मधला, देवाच्या वचनावर भरवसा ठेवला तो. याकोब घेतो अध्याय २२ मधला, देवाच्या आज्ञेवरून मुलाला, इसहाकाला, बलीसाठी वेदीवर ठेवलं तो. मध्ये बरीच वर्षं गेलीत! आधी कृपेने स्वीकार, मग त्या विश्वासाची कसोटी. पौलाच्या नावच्या इफिसकरांस पत्रातलं २:८-९ ('तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कृतींनी नव्हे') सगळे तोंडपाठ म्हणतात, दहावं वचन मात्र खुशाल गाळतात. सत्कृत्यांसाठीच आपली निर्मिती झाली, असं तिथे आहे. राहिला कॅथलिक आणि लूथरन या दोन ख्रिस्ती पंथांमधला याच प्रश्नावरचा वाद, तर १९९९ च्या संयुक्त जाहीरनाम्यात या मुद्द्याच्या गाभ्यावर त्यांचं एकमत झालंय. तपशिलांत मतभेद आहेतच.