ओटीपीने लॉगिन असलेले अ‍ॅप तीनदा नाकारले गेले. परीक्षकाला आत कसे घ्यावे?

प्रश्न:
नमस्कार. नाशिक भागातील द्राक्ष बागायतदारांसाठी मी फवारणीची नोंदवही ठेवणारे अ‍ॅप तयार केले आहे. कोणत्या तारखेला कोणते औषध किती प्रमाणात फवारले आणि त्यानंतर काढणीसाठी किती दिवस थांबायचे, एवढेच ते दाखवते. अ‍ॅप मिळण्याच्या एका स्टोअरने ते तीनदा नाकारले. लॉगिन भारतीय मोबाईल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीनेच होते आणि स्टोअरतर्फे अ‍ॅप तपासणाऱ्या परीक्षकाकडे असा क्रमांक नसणार, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. दुसऱ्या खेपेस मी स्वतःचा क्रमांक देऊन ‘ओटीपीसाठी विचारा’ असे लिहिले. सकाळी उठून पाहतो तर पहाटे पावणेतीनपासून ओटीपीचे सात संदेश येऊन पडलेले. तिसऱ्या वेळी प्लॉटचे स्थान कशासाठी हवे, असे विचारले गेले. ऑक्टोबर छाटणीपूर्वी अ‍ॅप बागायतदारांच्या हाती पडावे, अशी मनापासून इच्छा आहे. काय करावे?

पहिला प्रतिसाद:
सर्व्हरवर एक ठरावीक क्रमांक आणि त्याचा ठरावीक कोड ठेवा व ते परीक्षकाला कळवा, म्हणजे त्या क्रमांकासाठी एसएमएस पाठवण्याची गरजच उरणार नाही. फायरबेसचे (गुगलच्या तयार सेवेचे) फोन लॉगिन वापरत असाल, तर चाचणीचे क्रमांक तिथेच नोंदवता येतात. अ‍ॅपलच्या नियमावलीतील कलम २.१ मध्ये चालू स्थितीतील डेमो खाते (परीक्षकाला वापरून पाहण्यासाठीचे नमुना खाते) आणि सुरू असलेला सर्व्हर या दोन्हींची अपेक्षा स्पष्ट लिहिलेली आहे. त्या खात्यात दोन प्लॉट आणि दहा-बारा फवारण्या आधीच भरून ठेवा, कारण रिकामी यादी पाहणाऱ्याला अ‍ॅप अपुरे वाटते. मात्र त्या कोडने खऱ्या शेतकऱ्यांची माहिती उघडणार नाही, याची खात्री अवश्य करा.

दुसरा प्रतिसाद:
स्थानाची परवानगी अ‍ॅप उघडताच मागू नका. ‘प्लॉट जोडा’ हे बटण दाबल्यावर मागा. ‘हे अ‍ॅप तुमचे स्थान वापरते’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘प्लॉट नकाशावर दाखवून त्याच्या फवारण्या वेगळ्या ठेवण्यासाठी स्थान हवे’ असे लिहा, आणि परवानगी नाकारणाऱ्याला गावाचे नाव व गट क्रमांक हाताने भरता येऊ द्या. आणखी एक, जे बहुतेकांकडून राहून जाते: ज्या अ‍ॅपमध्ये खाते उघडता येते, तिथे ते काढून टाकण्याची सोयही अ‍ॅपमध्येच असावी, अशी अट अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर ३० जून २०२२ पासून लागू आहे. केवळ ईमेलचा पत्ता देऊन सहसा भागत नाही.

तिसरा प्रतिसाद:
अँड्रॉइडसाठी वेळ आत्ताच राखून ठेवा. गुगल प्लेचे आपले वैयक्तिक खाते १३ नोव्हेंबर २०२३ नंतरचे असेल, तर अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत (फक्त निवडलेल्या लोकांसाठीच्या चाचणीत) राहावे लागते. पूर्वी हीच संख्या २० होती. गावातील बागायतदारांनाच त्यात घेतलेत, तर खऱ्या चुकाही कळतील.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. डेमो खाते तयार केले, खाते काढण्याचे बटणही घातले. नमुन्याच्या तारखा मी पक्क्या लिहून ठेवल्या होत्या, त्यामुळे काही दिवसांनी उघडल्यावर सगळीकडे ‘० दिवस शिल्लक’ दिसले असते. आता त्या आजच्या तारखेवरून मोजल्या जातात. आज रात्री चौथ्यांदा पाठवतो आहे.